कोया पर्वताच्या पायथ्याशी थांबलेली आई

ओसाकातील नांबा स्थानकातून निघालेली नान्काई रेल्वेची गाडी शहर मागे टाकते, हाशिमोतो ओलांडते आणि की नदीच्या खोऱ्यात शिरते. कोया पर्वतावरील मठ पाहायला निघालेले बहुतेक प्रवासी शेवटच्या स्थानकापर्यंत बसून राहतात आणि तिथून केबल-कारने वर जातात. त्याआधी कुदोयामा नावाचे एक लहान स्थानक लागते. तिथे उतरून गावातून अर्धा तास चालले की जुन्या मातीच्या भिंतीआड एक देऊळ दिसते. त्याचे नाव जिसोन-इन. या धाग्याचा विषय हे देऊळ आहे. डोंगरावरचे जगप्रसिद्ध मठ यात येतील, पण पायथ्यावरून दिसतील तेवढेच.

जपानी देवळांत नवसाच्या लाकडी पाट्या सर्वत्र टांगलेल्या असतात. त्यांना ‘एमा’ म्हणतात आणि त्यांवर सहसा घोड्याचे किंवा त्या वर्षाच्या राशिप्राण्याचे चित्र असते. जिसोन-इनमधील पाट्या पाहून मात्र नवखा पाहुणा क्षणभर गोंधळतो. त्यांवर कापूस भरून शिवलेले दोन कापडी स्तन बसवलेले असतात. मूल व्हावे, बाळंतपण सुखरूप पार पडावे, अंगावर भरपूर दूध यावे, ही इथली जुनी मागणी.

बौद्ध देवळात संततीचा नवस ही गोष्ट अनेकांना विसंगत वाटते. ज्या धर्माचा संस्थापक घर, पत्नी आणि तान्हे मूल सोडून निघाला, त्याच्या देवळात मूल कसे मागायचे? पण ही विसंगती पुस्तकातून धर्म पाहणाऱ्याची आहे. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात राहून गेलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, इथल्या विहारांच्या ओसरीत किंवा भोजनगृहाच्या कोपऱ्यात कडेवर मूल घेतलेल्या हारितीची प्रतिमा असे आणि निपुत्रिक लोक तिला अन्न वाहून संतती मागत. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात उजवीकडच्या लहान गाभाऱ्यात हारिती आणि पांचिक आजही शेजारी शेजारी बसलेले आहेत. हीच हारिती चीनमार्गे जपानला गेली आणि तिथे ‘किशिमोजिन’ झाली. भिक्षूंच्या निवासाला लागूनच आयांची देवी असणे ही बौद्ध जगाची जुनी रीत आहे. जिसोन-इनमध्ये मात्र हारिती नाही. तिथे मैत्रेय आहे, आणि एका भिक्षूची आई.

तो भिक्षू म्हणजे कूकाई, मरणोत्तर पदवीने कोबो दाईशी. जन्म इ.स. ७७४, शिकोकू बेटावरील सानुकी प्रांतात. चीनला जाऊन त्याने तांत्रिक बौद्ध मताची दीक्षा घेतली आणि जपानमध्ये शिंगोन संप्रदाय उभा केला. ८१६ मध्ये सम्राट सागाने त्याला साधनेसाठी कोया पर्वत दिला. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या त्या निर्जन पठारावर मठ बांधायचा तर धान्य, लाकूड, कारागीर, सगळे खालून यायचे. म्हणून पायथ्याशी, नदीजवळ, एक कचेरी उभारली गेली. जिसोन-इनची सुरुवात ही अशी कारभाराच्या घरातून झाली. कोठार, मुक्कामाची जागा, हिवाळ्यात वरच्या थंडीतून खाली येणाऱ्या भिक्षूंचा आसरा, असे तिचे स्वरूप होते.

परंपरा सांगते की, मुलाने उघडलेला डोंगर पाहावा म्हणून कूकाईची वृद्ध आई सानुकीहून निघाली. समुद्र ओलांडून ती इथवर आली. पण डोंगरावर स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि नियम घालणारा तिचाच मुलगा होता. ती पायथ्याच्या कचेरीत राहिली. मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई. म्हणून गावाचे नाव ‘कुदोयामा’, नऊ वेळांचा डोंगर. स्थळनामांच्या अशा व्युत्पत्ती बहुधा नावानंतर जन्मतात, त्यामुळे तिला पुरावा मानण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या कथेत डोंगर चढून जाणारी आई नाही, उतरून येणारा मुलगा आहे.

या आईचे नाव काय? ती अतो नावाच्या विद्वान कुळातली होती, एवढे कळते. पुढच्या भक्तांनी तिला ‘तामायोरी गोझेन’ म्हटले. लोककथाकारांनी ‘आकोया’ हे वेगळेच नाव दिले. कूकाईने चीनहून आणलेल्या ग्रंथांची आणि चित्रांची यादी आजही उपलब्ध आहे. त्याला जन्म देणारीचे नाव खात्रीने सांगता येत नाही.

देवळाच्या परंपरेनुसार ती ८३५ मध्ये, चांद्र पंचांगाच्या दुसऱ्या महिन्यात वारली. तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला कूकाईही गेला; भक्तांच्या भाषेत, तो डोंगरावर अखंड समाधीत बसला. ५६७ कोटी वर्षांनी मैत्रेय बुद्ध अवतरेल तेव्हा तोही उठेल, ही शिंगोन भक्तांची श्रद्धा आहे. आईच्या मृत्यूनंतर कूकाईला स्वप्नात मैत्रेयाचे दर्शन झाले आणि त्याने इथे मैत्रेयाचे देऊळ उभारले, असे सांगतात. आई आणि मैत्रेय हळूहळू एकच मानले जाऊ लागले. ‘जिसोन’ हे मैत्रेयाचेच नाव. त्यातले ‘जि’ हे अक्षर संस्कृतमधल्या ‘मैत्री’चे भाषांतर आहे. मूळ कथेला आधार असो वा नसो, गाभाऱ्यातील लाकडी मैत्रेयमूर्तीला पक्का आधार आहे. तिच्यावरील शाईच्या लेखात ८९२ साल आहे, म्हणजे कूकाईच्या मृत्यूनंतर अवघी ५७ वर्षे. मूर्ती जपानची राष्ट्रीय संपदा आहे आणि दरवाजे २१ वर्षांतून एकदा उघडतात. नवस बोलायला येणारी स्त्री बहुतेक वेळा बंद दारासमोरच उभी असते.

आता त्या नियमाकडे वळायला हवे. स्त्रियांना मनाई करणाऱ्या सीमेला जपानीत ‘न्योनिन केक्काई’ म्हणतात. तिचे मूळ स्वरूप बहुधा भिक्षूंच्या शिस्तीचे होते. ब्रह्मचाऱ्यांच्या वसतीत स्त्री राहू नये आणि भिक्षुणींच्या वसतीत पुरुष राहू नये, असा दुहेरी नियम विनयात आहेच. पण पुढच्या शतकांत भिक्षुणींचे मठ मागे पडले, नियमाची एकच बाजू उरली आणि तिच्या समर्थनाची भाषा बदलली. स्त्री स्वभावतःच पाच अडथळ्यांनी बांधलेली आहे, ही जुनी वचने पुढे आणली गेली. त्यात चीनमध्ये रचलेले ‘रक्तकुंड सूत्र’ मध्ययुगीन जपानमध्ये पसरले. बुद्धाच्या तोंडी घातलेल्या या छोट्याशा बनावट सूत्राचा दावा असा की, बाळंतपणात सांडणाऱ्या रक्ताने स्त्रिया भूमी विटाळतात आणि त्यामुळे मेल्यावर रक्ताच्या कुंडात पडतात. जपानमध्ये पुढे त्यात मासिक पाळीवर भर आला. शिस्तीचा नियम असा विटाळाचा सिद्धांत बनला. हा बदल एका रात्रीत किंवा एका आज्ञेने झालेला नाही, आणि म्हणूनच तो अभ्यासण्याजोगा आहे.

त्याची खूण डोंगराच्या वाटेवरच सापडते. जिसोन-इनहून वर जाणाऱ्या जुन्या वाटेवर, शिखराकडे बराच पल्ला काटल्यावर, ‘केसाकाके इशी’ नावाचा खडक आहे: काषाय वस्त्र पसरलेला दगड. कथा अशी की, आईने हट्ट धरला तेव्हा कूकाईने आपले वस्त्र दगडावर अंथरले आणि ते ओलांडून ये, असे सांगितले. ऐंशी उलटलेल्या त्या म्हातारीने पाऊल टाकताच पाळीचे रक्त वस्त्रावर पडले आणि वस्त्र पेटले. आकाशातून आगीचा वर्षाव सुरू झाला. तेव्हा मुलाने जवळचा प्रचंड खडक हातांनी उचलून आईला त्याखाली झाकले; तो ‘ओशिआगे इशी’ही तिथेच दाखवतात.

या कथेत किती गोष्टी एकमेकींना ढकलत आहेत! ऐंशी वर्षांच्या स्त्रीला पाळी येत नसते, हे कथा सांगणाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. विटाळ हा शरीराचा नसून स्त्रीत्वाचाच आहे, वयाने तो सुटत नाही, हे ठसवण्यासाठीच तो तपशील आहे. आणि तरीही, नियमाच्या आगीपासून आईला वाचवायला मुलगाच खडक उचलतो. नियम टिकला पाहिजे आणि आईही वाचली पाहिजे, अशी ही ओढाताण आहे. जिसोन-इन त्याच ओढाताणीतून उभे राहिलेले आहे.

वस्त्र पेटल्याची कथा सर्वत्र पोहोचली ती ‘कारुकाया’ या लोकाख्यानामुळे. फिरते कथेकरी ते गाऊन सांगत. त्याची मुख्य कथाही याच परिसरातली. घरदार सोडून कोयावर भिक्षू झालेल्या बापाला शोधत त्याचा मुलगा इशिदोमारू आईसह येतो. आई वर जाऊ शकत नाही. ती पायथ्याच्या कामुरो गावातील धर्मशाळेत थांबते. मुलाला वर बाप भेटतो, पण तो ओळख देत नाही, तुझे वडील वारले असे सांगतो. मुलगा खाली परततो तर आई मरण पावलेली. कामुरो हे कुदोयामाच्या आधीचेच रेल्वेस्थानक आहे. पायथ्याशी थांबलेली स्त्री ही या खोऱ्याची जणू कायमची नायिका आहे.

जिवंत स्त्रीला बंद असलेला डोंगर मृत स्त्रीला मात्र उघडा होता. निवृत्त सम्राट तोबा याची राणी बिफुकुमोन-इन ११६० मध्ये वारली. तिच्या इच्छेनुसार तिच्या अस्थी कोयावर पुरल्या गेल्या. जी वाट तिला आयुष्यभर बंद होती ती अस्थींसाठी मोकळी झाली. पुढे एदो काळात सूगेन-इनचे स्मारक आले. ती दुसरा तोकुगावा शोगुन हिदेतादाची पत्नी. कोयावरील ओकुनो-इन या विशाल स्मशानभूमीत दाइम्योंची, सेनापतींची असंख्य दगडी स्मारके आहेत. त्यांत आकाराने सर्वांत मोठे पंचचक्र स्मारक या स्त्रीचे आहे. तिच्या मुलाने, तादानागाने, ते १६२७ मध्ये उभारले. तिथल्या भिक्षूंना यात विसंगती वाटली नसावी. हाडांना पाळी येत नाही.

पुरुषांसाठी वाट कशी होती? १०२३ मध्ये फुजिवारा नो मिचिनागा हा त्या काळचा सर्वांत बलाढ्य दरबारी कोयाला आला, १०८८ मध्ये निवृत्त सम्राट शिराकावा आला. यात्रेकरूंना अंतर कळावे म्हणून वाटेवर लाकडी खांब असत. ते कुजत. तेराव्या शतकात काकुक्यो नावाच्या भिक्षूने त्यांच्या जागी दगडी खांब उभारण्याचा संकल्प केला. १२६५ पासून सुमारे २० वर्षे काम चालले. मुख्य पाठीराखा होता कामाकुरा शासनातील बडा सरदार आदाची यासुमोरी. देणगीदारांत निवृत्त सम्राट गो-सागा आणि मंगोल स्वाऱ्यांना तोंड देणारा होजो तोकिमुने यांची नावे आहेत. (१२८५ मध्ये काम पुरे झाले आणि त्याच वर्षी यासुमोरी सत्तासंघर्षात मारला गेला.)

या खांबांना ‘चोइशी’ म्हणतात. दर एक ‘चो’ अंतरावर, म्हणजे सुमारे १०९ मीटरवर, एक खांब. जिसोन-इनपासून पठारावरील महास्तूपापर्यंत असे १८० खांब आहेत आणि तिथून कूकाईच्या समाधीपर्यंत आणखी ३६. प्रत्येकावर देणगीदाराचे नाव, क्रमांक आणि एक संस्कृत बीजाक्षर कोरलेले आहे. ही अक्षरे सिद्धम् लिपीतली आहेत. गुप्तकालीन ब्राह्मीपासून नागरी आणि सिद्धम् अशा दोन्ही लिपी निघाल्या, त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला एखादे वळण अधूनमधून ओळखीचे वाटते.

१८० ही संख्या अंतरामुळे योगायोगाने आलेली नाही, असे मानले जाते. शिंगोन पंथात विश्वाची दोन मंडले आहेत. त्यांतल्या एका मंडलातील १८० देवतांचे हे खांब प्रतीक आहेत. त्या मंडलाचे जपानी नाव ‘ताइझोकाई’. मराठीत सांगायचे तर गर्भमंडल. आईच्या उदरात गर्भ वाढतो तसे बुद्धत्व महाकरुणेच्या कुशीत वाढते, असा त्याचा अर्थ भाष्यकार देतात.

म्हणजे ही सारी वाट एका गर्भाचा नकाशा आहे. क्रमांक वरून मोजलेले असल्यामुळे यात्रेकरू १८० पासून उतरत्या क्रमाने एककाकडे, गर्भाच्या केंद्राकडे जातो. आणि १८० क्रमांकाचा खांब कुठे आहे? जिसोन-इनच्या आवारातून वरच्या निउकांशोफु देवस्थानाकडे ११९ दगडी पायऱ्या चढतात. त्या पायऱ्यांच्या कडेलाच. ज्यांना गर्भ होता त्यांनी इथून पुढे पाहायचे आणि थांबायचे, आणि पुरुषांनी दगडी गर्भात शिरायचे. मध्ययुगीन भिक्षूंनी हा विरोधाभास टिपला असेल का? बहुधा नाही. प्रतीक म्हणून गर्भ पवित्र आणि देह म्हणून अपवित्र, ही फारकत त्यांच्या विचारात इतकी मुरलेली होती की ती दिसण्यासाठी बाहेर उभे राहावे लागते. बाहेर कोण उभे होते, हे वेगळे सांगायला नको.

या नियमाने राजकीय इतिहासालाही एकदा धक्का दिला आहे. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत हरलेल्या पक्षाचे सानादा मासायुकी आणि त्याचा मुलगा नोबुशिगे, म्हणजे कथा-कादंबऱ्यांतला प्रसिद्ध युकिमुरा, यांना कोयावर हद्दपार केले गेले. पण युकिमुराची पत्नी सोबत होती, म्हणून कुटुंबाला पायथ्याच्या कुदोयामातच राहावे लागले, असे सांगितले जाते. बाप १६११ मध्ये तिथेच वारला. मुलगा १६१४ मध्ये निसटून ओसाकाच्या किल्ल्यात गेला आणि पुढच्या वर्षी लढता लढता मेला. गावात आज त्याच्या नावाच्या पताका फडकतात. गेमिंगमुळे सानादा माहीत असलेले तरुण गावात येतात, आणि त्यांतले थोडेच अर्धा तास चालून मातीच्या भिंतीपर्यंत जातात.

जिसोन-इनचे मूळ आवार नदीच्या अधिक जवळ होते. १५४० मध्ये की नदीला मोठा पूर आला आणि ते वाहून गेले. मैत्रेयाचे देऊळ तेवढे वाचले, कारण १४७४ मध्येच ते आताच्या उंच जागी हलवलेले होते. नदीकाठच्या लोकांना नदीचा स्वभाव माहीत असतो. बाकीचे देऊळ नंतर मैत्रेयाभोवती पुन्हा वसले.

स्त्रियांनी पुढच्या काळात आणखी एक वाट काढली, अगदी शब्दशः. पठारावर येणाऱ्या सात प्रवेशमार्गांच्या तोंडाशी ‘न्योनिनदो’, म्हणजे स्त्रियांसाठीच्या पडव्या, उभ्या राहिल्या. स्त्रिया तिथवर चढत, मुक्काम करत, आणि एका पडवीकडून दुसऱ्या पडवीकडे, पठाराला वेढणाऱ्या डोंगरकड्यावरून चालत. झाडांच्या फटीतून स्तूपाचे आणि समाधीचे दर्शन घेत. आत प्रवेश नाही, तर बाहेरून प्रदक्षिणा! सात पडव्यांपैकी आज एकच उरली आहे.

१८७२ मध्ये मेइजी सरकारने देवस्थानांतील स्त्रीप्रवेशबंदी एका फर्मानाने रद्द केली. स्त्रियांच्या हक्कांची कळकळ हे कारण फारसे नव्हते. त्याच वर्षी क्योतोत भरणाऱ्या प्रदर्शनाला परदेशी पाहुणे सपत्नीक येणार होते आणि त्यांना डोंगराच्या दारातून परत पाठवणे नव्या सरकारला लाजिरवाणे वाटले, असे अनेक अभ्यासक मानतात. कोयाने फर्मान लगेच मनावर घेतले नाही. बंदी खऱ्या अर्थाने उठायला विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले.

मग पायथ्याच्या देवळाची गरज संपली का? १९५९ मध्ये वाकायामा शहरात जन्मलेल्या आरियोशी सावाकोची ‘की नो कावा’ ही कादंबरी आली. तिची सुरुवात जिसोन-इनच्या दगडी पायऱ्यांवर होते. लग्नाच्या दिवशी सकाळी हाना नावाची तरुणी आजीसोबत तिथे येते आणि मग नदीच्या प्रवाहाबरोबर नावेतून सासरी जाते. कादंबरीतला तो काळ बंदी कायद्याने उठल्यानंतरचा आहे. तरी आजी नातीला डोंगरावर नेत नाही; ती जिसोन-इनलाच नेते. शतकानुशतके जिथे थांबावे लागले ती जागा तोवर स्त्रियांनी आपली करून टाकली होती.

याच लेखिकेची १९६६ची दुसरी कादंबरी वैद्य हानाओका सेइशूच्या पत्नीवर आहे. सेइशूचे हिरायामा गाव याच की नदीच्या खोऱ्यात, जिसोन-इनपासून खालच्या अंगाला, काही तासांच्या चालीवर. १८०४ मध्ये त्याने धोतरा आणि बचनाग यांपासून बनवलेले औषध पाजून एका ६० वर्षांच्या स्त्रीला पूर्ण बेशुद्ध केले आणि तिच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. पाश्चात्त्य जगात ईथरचा वापर सुरू होण्याच्या सुमारे ४० वर्षे आधीची ही गोष्ट. त्या औषधाची चाचणी त्याची पत्नी काए हिने स्वतःवर करून घेतली आणि तिची दृष्टी गेली. पहिली रुग्ण काही महिन्यांतच वारली. पण त्यानंतर सेइशूने स्तनाच्या कर्करोगाच्या दीडशेच्या आसपास शस्त्रक्रिया केल्या.

एकाच खोऱ्यात, वर कापडी स्तनांचे देऊळ आणि खाली हा दवाखाना. दोन्हींमध्ये थेट धागा दाखवणारा कागद नाही आणि तो ओढून-ताणून जोडण्याचीही गरज नाही. त्या काळच्या स्त्रीच्या दृष्टीने दुखणे एकच होते.

२००४ मध्ये जिसोन-इन आणि चोइशीची वाट यांचा जागतिक वारशात समावेश झाला. आता ती वाट चढणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात; सकाळी लवकर निघून काकी फळांच्या बागांमधून चढायला लागले की सहा-सात तासांत वर पोहोचता येते. १९८०च्या दशकात ‘गोन’ नावाचा एक पांढरा कुत्रा यात्रेकरूंना कुदोयामा स्थानकापासून देवळापर्यंत आणि पुढे डोंगरावर वाट दाखवत नेई. २००२ मध्ये तो मेला. देवळात त्याचा पुतळा आहे.

कापडी स्तनांच्या पाट्या अजूनही येतात. मूल मागणाऱ्या आहेत, दूध मागणाऱ्या आहेत. त्यांच्यासोबत आता स्तनाच्या कर्करोगातून बरे होण्यासाठी वाहिलेल्या पाट्याही असतात. दगडी खांबांवर सम्राट आणि सरदारांची नावे ७०० वर्षे टिकली. कापड तितके टिकत नाही. जुन्या पाट्या जातात, रिकाम्या झालेल्या खिळ्यांवर नव्या चढतात.